भोपळ्याच्या पानांची भाजी दरवेळी चरबट होतेय? चूक कढईत नाही, वेलावर आहे

सलग तिसऱ्यांदा भोपळ्याच्या पानांची भाजी केली आणि तिसऱ्यांदा तेच झालं. लेकीने एक घास घेतला, बराच वेळ चावत बसली, मग तो घास हळूच ताटाच्या कडेला काढून ठेवला आणि म्हणाली, आई, हा टॉवेल आहे. हसू आलं पण रागही आला, कारण वेल माझ्या हाताने लावलेला, बी रुजवण्यापासून सगळं केलेलं, पानं अशी की एका पानाने माझं अख्खं तोंड झाकेल, आणि खायची वेळ आली की तोंडात नुसता चोथा. वर घशाला बारीक खरखर, ती वेगळीच.

ज्यांनी ज्यांनी घरी वेल लावलाय त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना हा अनुभव येतो आणि एकदा भाजी फसली की "पानं काय खायची नसतात, फळ येईल तेव्हा बघू" असं ठरवून लोक मोकळे होतात. पण कोवळी पानं, शेंडे, देठ, फुलं, सगळं खाता येतं, आणि फळाला अडीच-तीन महिने थांबावं लागतं तर पानं महिना-सव्वा महिन्यात सुरू होतात, म्हणजे कुंडीत जागा कमी असेल तर खरा फायदा पानांचाच. म्हणून हे सगळं एकदा लिहून ठेवतेय, लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी मी काय काय करून बघितलं ते सांगते म्हणजे तुमचा वेळ वाचेल. पहिल्यांदा पानं चिरून डायरेक्ट तेलात टाकली, रंग सुंदर आला, लव जशीच्या तशी. दुसऱ्यांदा म्हटलं कमी शिजली असतील, म्हणून कुकरला लावली, ३ शिट्ट्या. पानाचा झाला हिरवा लगदा आणि त्या लगद्यात देठाचे धागे जसेच्या तसे, म्हणजे आता मऊ काहीच नाही आणि कडक तेवढं शिल्लक. तिसऱ्यांदा एकदम बारीक चिरली, त्याने एवढंच झालं की लांब धाग्यांचे छोटे धागे झाले. मीठ वाढव, लसूण वाढव, झाकण ठेव, झाकण काढ, सगळं करून झालं. एकदाही मनात आलं नाही की मी खुडतेय तेच पान चुकीचं असेल, कारण मी आपली वेलावरची सगळ्यात मोठी, देखणी, गडद हिरवी पानं शोधून शोधून तोडत होते. आणि तीच सगळ्यात निबर.

पान कुठलं खुडायचं

शेंड्यापासून मागे मोजायचं. एकदम टोकाला मिटलेला कोंब असतो, त्याच्या मागे एक अर्धवट उघडलेलं, अजून सुरकुतलेलं पान, ते पहिलं. तिथून चौथ्या पानापर्यंत बिनधास्त घ्या. पाचवं कधी चालतं कधी नाही. सहाव्याच्या पुढचं पान वेलासाठी सोडून द्यायचं, ते आता फॅक्टरी आहे, त्याचं काम वेलाला जेवू घालणं, आपल्याला नाही. पानाच्या आकारावर जाऊ नका, आकार फसवतो. खत-पाणी चांगलं असेल तर तिसरंच पान तळहातापेक्षा मोठं असतं आणि तरी कोवळं असतं, आणि तहानलेल्या वेलाचं छोटुकलं पान चामड्यासारखं असू शकतं.

मोजायचा कंटाळा असेल तर देठ वाकवून बघा. कोवळा देठ हिरव्या शेंगेसारखा पटकन कट् करून तुटतो. निबर देठ वाकतो, चेपतो, आणि ओढला तर धागे लोंबत राहतात. जो देठ तुटला नाही त्याचं पान घ्यायचंच नाही, मग ते दिसायला कितीही गोड असो. ताण्यांचंही तसंच. वेल ज्याने आधार पकडतो ते हिरवे दोरे सरळ असेपर्यंत खाण्यासारखे असतात, एकदा का त्यांनी स्प्रिंगसारखं वेटोळं घातलं की ती तार झाली म्हणून समजा, तिला कुठलाच कुकर शिजवत नाही.

खुडायची वेळ सकाळची. रात्रभरात वेल पाणी पिऊन ताठ झालेला असतो. दुपारी एवढ्या मोठ्या पानांतून इतकं पाणी उडतं की मुळांना तेवढं ओढता येत नाही आणि पानं मान टाकतात, अशी मलूल पानं आणली की धुतानाच हातात चिंध्यांसारखी वाटतात. जाता जाता, दुपारी वेल असा कोमेजला आणि संध्याकाळी आपोआप उभा राहिला तर घाबरून पाणी ओतू नका, सकाळी पण तसाच लोळलेला दिसला तर काळजी करा आणि माती बोटभर उकरून बघा, कोरडी आहे का चिखल झालाय.

दोरे काढणं, हे टाळता येत नाही

कितीही कोवळं पान घेतलं तरी देठाला वरून एक पातळ साल असते आणि त्या सालीतच धागे आणि काटेरी लव दोन्ही असतात. ही साल निघेल तिथे काढायचीच. पान उलटं धरायचं, देठाचं कापलेलं टोक आपल्याकडे. टोकाशी नखाने थोडंसं मोडायचं पण पूर्ण तोडायचं नाही, एका बाजूची साल चिकटलेली ठेवायची, आणि तो तुकडा धरून हळूच पानाकडे ओढायचं. एक लांब पारदर्शक फीत निघते, बारीक सर्र असा आवाज येतो, आणि नीट ओढली तर ती देठावर न थांबता पानामागच्या जाड शिरेवरून पण पुढे जाते. मग देठ थोडा फिरवायचा, पुन्हा तेच. तीन-चार फितींत देठ गुळगुळीत होतो आणि मग कळतं की तो आतून पोकळ आहे, एखाद्या स्ट्रॉसारखा. त्या सोललेल्या देठाचे तुकडे पानांपेक्षा जास्त छान लागतात असं माझं मत आहे, घरात यावर एकमत नाही.

फीत जर मध्येच सारखी तुटत असेल तर पान फारच कोवळं आहे, सोलणं सोडून द्या, त्याला गरजच नाही. आणि फीत निघतच नसेल, नुसते बारीक धागे येत असतील तर पान निबर आहे, ते कंपोस्टमध्ये. म्हणजे सोलताना पुन्हा एकदा आपोआप निवड होते.

यात हात खराब होतात हे आधीच सांगते. देठातून जो चीक येतो तो बोटांवर सुकला की कातडी ओढल्यासारखी वाटते, पातळ फेविकॉल लावून वाळवल्यासारखी, काही जणांना त्याने पुरळही येतं. हाताला आधी थेंबभर तेल चोळा नाहीतर ग्लोव्ह घाला.

आता लव. कोवळ्या पानांवर पण ती असतेच, फक्त मऊ असते. नुसत्या तेलात परतून ती जात नाही, तिला पाण्याची उष्णता लागते, माझी पहिली भाजी तिथेच फसली होती. उकळत्या पाण्यात मीठ घालून अख्खी पानं २ ते ३ मिनिटं बुडवा, काढून गार पाण्यात टाका, मग मुठीत घट्ट पिळा आणि त्यानंतर चिरा. चिरून मग उकळायचं नाही, सगळा रस पाण्यात जातो आणि भाजी पांचट होते. उकळून पिळल्यावर टोपलीभर पानांचा लिंबाएवढा गोळा होतो, ते बघून पहिल्यांदा धक्का बसतो, त्यामुळे खुडतानाच चौपट-पाचपट धरा. त्यानंतर कढईत काय करायचं ते तुमच्या घरच्या पद्धतीने, पालकाचं जे जे करता ते सगळं याचं होतं, फक्त पालकापेक्षा याला जरा अंग असतं, गाळ होत नाही.

तरीही खरखरीत लागतं?

मग जात बघा. मराठीत भोपळा म्हटलं की घोळच आहे, दुधीलाही भोपळा म्हणतात, कोहळ्यालाही काही जण त्यातच ओढतात, पण कूळ एकच असलं तरी ते दोन्ही वेगळ्या गटातले. मी बोलतेय ते लाल भोपळा, डांगर, बटरनट, झुकिनी या गटाबद्दल, शास्त्रीय नाव कुकुर्बिटा. यात घरी लावल्या जाणाऱ्या मुख्य जाती तीन. मोस्काटा, ज्यात बटरनट येतो, त्याची लव मऊ मखमली, पानांसाठी माझ्या मते हीच बेस्ट. मॅक्सिमा, मोठी गोलसर पानं, जाड गोल देठाची मोठाली फळं, तीही चांगली. आणि पेपो, ज्यात झुकिनी येते, हिची पानं खोल कातरलेली आणि देठावर खरोखरचे बारीक काटे, हाताला ओरखडे उठतात. झुकिनीची पानं विषारी वगैरे नसतात, एकदम शेंड्याची दोन पानं खाता येतात, पण त्यापुढे मेहनत जास्त आणि मजा कमी.

लावलंय काय तेच माहीत नसेल तर फळाचा देठ बघा. फळाला चिकटतो तिथे पाच कोनांचा होऊन पसरला असेल तर मोस्काटा, गोल आणि बुचासारखा मऊ असेल तर मॅक्सिमा, कडक, कोनदार आणि टोचरा असेल तर पेपो. स्वयंपाकघरात वाया गेलेल्या बियांतून उगवलेल्या वेलाला हे विशेष लागू, आमच्याकडे पहिला वेल असाच कचऱ्यातून आलेला.

महिनाभर छान, मग पुन्हा निबर

हा या पोस्टचा खरा मुद्दा. वरचं सगळं केलं, भाजी जमली, घरात कौतुक झालं, आणि पाच-सहा आठवड्यांनी पुन्हा टॉवेल. पानं तीच, पद्धत तीच, मग काय बिघडलं? तर वेलाला फळ धरलं होतं. एकदा फळ वाढायला लागलं की वेलाची सगळी ताकद तिकडे जाते, शेंडा मंदावतो, नवीन पानं उशिरा उघडतात आणि उघडेपर्यंत म्हातारी होतात. आधी शेंड्यापासून चौथं पान म्हणजे चार-पाच दिवसांचं होतं, आता तेच चौथं पान दहा-बारा दिवसांचं असतं, त्यामुळे मोजणी पण फसते.

एकाच वेलाकडून भरपूर पानंही हवीत आणि मोठी फळंही हवीत हा हट्ट मी दोन सीझन केला, दोन्हीकडून हात रिकामे. आता पानांचा वेल वेगळा आणि फळांचा वेगळा. जागा नसेल तर एक काहीतरी निवडा, सरळ सांगते.

पानांच्या वेलाचं तंत्र सोपं आहे. १५-२० लिटरची कुंडी पुरते, त्यात ३-४ बिया टाका, एरवी फळासाठी एवढी दाटी करत नाहीत पण इथे चालतं. बी २ सेंटिमीटर खोल, माती ओलसर पण चिखल नको, २५ ते ३० डिग्री असेल तर आठवडाभरात वर येतं. वेलाला ६-७ पानं झाली की शेंडा खुडायचा, हातभर वाढायची वाट बघत बसायचं नाही. पहिल्यांदा जीव होत नाही खुडायला, पण शेंडा गेला की प्रत्येक पेरातून फुटवे येतात आणि एकाच्या जागी तीन-चार कोवळे शेंडे मिळतात. त्या फुटव्यांचेही शेंडे दोन-दोन पानं मागे ठेवून खुडत राहायचं. एका वेळी वेलावरच्या पानांपैकी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त काढायची नाहीत, खालची मोठी पानं तर अजिबात नाही. या वेलावर मादी कळी दिसली की तीही खुडा आणि भाजीत टाका, फळ धरू द्यायचंच नाही. दीड-दोन महिन्यांनी वेल दमतोच, तोपर्यंत दुसऱ्या कुंडीत नवीन बिया रुजलेल्या असल्या पाहिजेत. मी दर ३ आठवड्यांनी चार बिया टाकते, कॅलेंडरवर खूण करून, नाहीतर विसरते.

खताचं म्हणाल तर पानांच्या वेलाला शेणखत, कंपोस्ट जरा सढळ हाताने चालतं, पण नायट्रोजनचं रासायनिक खत ओतत बसू नका. एक तर मावा अशा लुसलुशीत वेलावर तुटून पडतो, आणि दुसरं म्हणजे पालेभाज्या जास्तीचं नायट्रेट पानात साठवून ठेवतात, विशेषतः ऊन कमी असेल तर. सावलीतला वेल आणि भरपूर युरिया हे कॉम्बिनेशन खायच्या पानांसाठी नकोच.

फळांच्या वेलावर छोटी फळं पिवळी पडून गळतात

सगळ्यांचा पहिला संशय पानं खुडण्यावर जातो, माझाही गेला होता. शेजारच्या काकू तर म्हणाल्याच, एवढी पानं ओरबाडतेस, वेलाचा शाप लागणार. पण बोटाएवढं फळ पिवळं होऊन, टोकाकडून सुकून तीन-चार दिवसांत गळलं तर बहुतेक वेळा कारण एकच, परागीभवन झालेलं नाही. भोपळ्याला नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी. मादी फुलाच्या खाली आधीपासूनच छोटा भोपळा असतो, तो बघून आपल्याला वाटतं फळ धरलं, पण ते नुसतं बीजकोष असतं, पराग पोचला तरच पुढे वाढणार. सुरुवातीचे एक-दोन आठवडे तर फक्त नर फुलंच येतात, तेव्हा "फुलं गळतायत, फळ एकही नाही" म्हणून घाबरू नका, ती गळायचीच असतात, खुडून खा.

फूल उजाडता उजाडता उघडतं आणि दुपारच्या आत मिटतं, मिटलं की संपलं, दुसऱ्या दिवशी परत उघडत नाही. उंच मजल्यावरच्या बाल्कनीत त्या तीन-चार तासांत मधमाशी आलीच नाही तर फळ गेलं. म्हणून सकाळी आठच्या आत हाताने करा. त्याच दिवशी उघडलेलं नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलून काढायच्या, आत पिवळ्या परागाने माखलेला दांडा राहतो, तो मादी फुलातल्या तीन फाकांच्या चिकट भागावर सगळीकडून फिरवायचा. बोटाला पिवळी पूड लागली पाहिजे, नसेल लागत तर नर फूल शिळं आहे, दुसरं घ्या. हे केल्यावर माझी गळ एकदम थांबली, पानं तेव्हाही खुडतच होते.

हां, दोन अपवाद. वेलावर आधीच एक-दोन मोठी फळं वाढत असतील तर वेल स्वतःच नवीन फळं टाकून देतो, ते नॉर्मल आहे. आणि फळाच्या लगेच मागची-पुढची मोठी पानं मात्र खरंच तोडू नका, फळाचं पोट त्यांच्यावरच भरतं. फळांच्या वेलाला कुंडीही मोठी लागते, ४०-५० लिटर, छोट्या कुंडीत वेल रोज दुपारी तहानतो आणि तो राग फळांवर काढतो.

पानांवर पांढरं काहीतरी, खायचं का नाही

यात तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि लोक तिन्हींवर एकच औषध मारतात. बोटाने पुसून बघा. पांढरे ठिपके पानाच्या शिरांच्या बेचक्यांत, दोन्ही बाजूंना साधारण सारखे, चांदीसारखे चमकणारे आणि पुसून काहीच निघत नाही, तर तो पानाचा जन्मजात रंग आहे. मोस्काटा आणि बऱ्याच झुकिनींना तो असतोच. मी यावर आठवडाभर फवारण्या केल्यात, लाज वाटते सांगायला.

पिठी भुरभुरल्यासारखे गोल डाग, पुसले की बोटाला पांढरं लागतं, आधी जुन्या पानांवर आणि खालच्या बाजूने सुरुवात, ती भुरी. बुरशी आहे. हिला पान ओलं असावं लागत नाही, दमट हवा, दाटी आणि सावली एवढं पुरतं, म्हणून बाल्कनीत दरवेळी येते. खालची डागाळलेली पानं काढून टाका, वेल मोकळा बांधा, वारा खेळू दे. दुधाचा उपाय ऐकून मला आधी भोंदूगिरी वाटली होती, पण ब्राझीलच्या वॅग्नर बेत्तिओल यांनी १९९९ मध्ये ग्रीनहाऊसमधल्या झुकिनीवर गाईच्या दुधाचे प्रयोग छापलेत, आणि त्यात दुधाच्या फवाऱ्याने भुरी चांगली आवरली. मी १ भाग दूध ९ भाग पाणी, आठवड्यातून एकदा, सकाळच्या उन्हात मारते. भुरी यायच्या आधी किंवा पहिला डाग दिसताच सुरू केलं तर उपयोग, वेल पांढराफटक झाल्यावर म्हशीचं अख्खं दूध ओतलं तरी काही होत नाही. गंधक भुरीवर चालतं, पण ३२ डिग्रीच्या वर भोपळ्याची पानं भाजतात त्याने, शिवाय ती पानं आपल्याला खायची आहेत.

तिसरं म्हणजे शिरा पांढरट पडत पडत अख्खं नवीन पान रुपेरी होणं. पान उलटून बघा, मागे पांढऱ्या माशीची पिल्लं चिकटलेली असतील. ती रस शोषतात आणि त्याचा परिणाम वर येणाऱ्या नव्या पानांवर दिसतो, म्हणून लोक रोग शेंड्यात शोधतात आणि माशी खालच्या पानामागे निवांत बसलेली असते. पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या मागून, मग साबणाचं पातळ पाणी, तेही मागूनच. रुपेरी झालेलं पान परत हिरवं होत नाही, पण माशी गेली की पुढची पानं हिरवी येतात.

फवारणीचं एक लक्षात ठेवा. औषधाच्या डब्यावर भोपळा लिहिलेलं असतं आणि "काढणीपूर्वी अमुक दिवस" असं असतं, ते फळाच्या हिशोबाने. फवारा पडतो तो पानावर. म्हणजे तुम्ही थेट फवारलेला भागच खाताय. त्यामुळे पानांच्या वेलावर मी पाणी, साबण आणि दूध याच्या पलीकडे जात नाही, एखादा वेल गेला तर गेला, चार बियांचा तर प्रश्न आहे. नर्सरीतून आणलेल्या रोपाला मातीतून कीटकनाशक दिलेलं आहे का तेही विचारा, माहीत नसेल तर त्याची पानं खाऊ नका, स्वतः बी लावा.

बाकी किडींचं थोडक्यात. मावा शेंड्यात दडतो, खुडलेली पानं मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवली की वर तरंगतो. नागअळीच्या नागमोडी रेघा दिसल्या तर तेवढा भाग कापून बाकी खा. लाल भुंगेरे दोन पानांच्या कोवळ्या रोपांना एका दिवसात चाळणी करतात, सकाळच्या गारव्यात ते सुस्त असतात तेव्हा हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका, नाहीतर रोपं चार पानांची होईपर्यंत वर जाळी टाका. पानं सुरकुतून, हिरवी-पिवळी चट्ट्यापट्ट्यांची आली तर तो मोझॅक व्हायरस, त्याला औषध नाही, वेल उपटा.

पान किंवा फळ कडू लागलं तर

इथे मात्र निवारण वगैरे काही नाही, थांबायचं. भोपळ्याच्या कुळात कुकुर्बिटासिन नावाचं कडू द्रव्य असतं, खायच्या जातींमधून ते निवडून निवडून जवळपास घालवलेलं आहे, पण शोभेच्या भोपळ्याशी किंवा जंगली वेलाशी पराग मिसळला तर त्या फळाच्या बियांतून येणाऱ्या वेलात ते परत येतं. शिजवून ते जात नाही, मीठ चोळून, पाणी ओतून, काहीही करून जात नाही. उलट्या-जुलाब तर होतातच, २०१८ मध्ये फ्रान्समधल्या एका त्वचारोगतज्ज्ञांनी दोन बायकांच्या केसेस छापल्या होत्या, कडू भोपळा खाऊन आजारी पडल्यावर पुढच्या काही आठवड्यांत त्यांचे केस गळाले. म्हणून नवीन वेलाची पहिली पानं उकळायच्या आधी एक छोटा कच्चा तुकडा जिभेवर ठेवून बघा आणि थुंका. भोपळ्याच्या पानाला गवतासारखी, हलकी तुरट चव असते, ती चालते. कारल्यासारखा कडूपणा असेल तर अख्खा वेल उपटायचा, "थोडंसं कडू आहे, गूळ घालू" हे करायचं नाही.

माझ्या दुसऱ्या वर्षीच्या वेलाला असं एकदा झालं. फळ दिसायला नेहमीसारखं, चिरताना वासही नेहमीचा, कच्ची फोड जिभेला लावली आणि तोंड असं कडूजहर झालं की तीन वेळा चूळ भरली तरी जाईना. आदल्या वर्षी गच्चीत शोभेचे छोटे भोपळे लावले होते आणि खायच्या वेलाचं बी मीच धरलं होतं, दोन्ही पेपो, म्हणजे गडबड माझ्याच घरात झालेली. वेल उपटला, फळ टाकलं, आणि त्याच बियांची अर्धी बरणी अजून फळीवर होती, नाव-तारीख लिहून, तीही रिकामी केली.